कोस्टा रिकाचा ब्रुहास एफसी विजेता होऊनही बंद का पडला?

तुम्ही विचारलंय की मध्य अमेरिकेतल्या कोस्टा रिकाच्या फुटबॉल विजेत्यांच्या यादीत २००९ साली एकदाच दिसणारा ब्रुहास एफसी हा क्लब त्यानंतर कुठेच का सापडत नाही. मलाही हाच प्रश्न पडला होता. २०१४ च्या विश्वचषकात ग्रीसविरुद्ध कोस्टा रिकाची शेवटची, निर्णायक पेनल्टी मायकल उमान्याने मारली. ती पाहून मी अक्षरशः उडी मारली होती. हा खेळाडू आधी कुठे कुठे खेळला ते शोधत बसलो, तेव्हा ‘ब्रुहास’ हे नाव पहिल्यांदा दिसलं आणि मग मी त्याचा पिच्छाच पुरवला.

ब्रुहास म्हणजे चेटकिणी. राजधानी सान होसेला लागून डोंगराच्या कुशीत एस्कासू नावाचं गाव आहे. आज तिथे मॉल आणि श्रीमंतांचे बंगले आहेत, पण जुनी माणसं त्याला चेटकिणींचं गाव म्हणूनच ओळखतात. क्लबचं नाव त्या दंतकथांवरून पडलं. नाव असं गावाच्या मातीतून आलेलं असलं तरी क्लब मात्र तिथल्या मातीत उगवला नव्हता, आणि तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मला इथेच दिसतं.

कोस्टा रिकात पहिल्या श्रेणीत खेळायचा हक्क विकता येतो. कर्जात बुडालेला क्लब आपली जागा विकतो. घेणारा नाव बदलतो, रंग बदलतो, गावसुद्धा बदलतो. २००४ मध्ये एस्कासूला संघ मिळाला तो असाच. ती जागा होती ग्वानाकास्तेका या क्लबची. ग्वानाकास्ते प्रांत देशाच्या वायव्य टोकाला, गुराढोरांचा आणि कडक उन्हाचा मुलूख. तिथल्या निकोया गावाचा हा क्लब १९७३ पासूनचा. एका व्यवहारात निकोयाचा पहिल्या श्रेणीतला संघ गेला आणि राजधानीच्या उपनगरात चेटकिणी उगवल्या. पुढे एस्कासूही सुटलं आणि संघ देसांपारादोस या दुसऱ्या उपनगरात जाऊन खेळू लागला.

आता २००९. तिथे वर्षाला दोन स्पर्धा होतात; तेव्हा त्यांना इनव्हिएर्नो आणि वेरानो म्हणत. शब्दकोशात इनव्हिएर्नोचा अर्थ हिवाळा असला तरी त्या देशात त्याचा अर्थ पावसाळा होतो. त्या वर्षीची इनव्हिएर्नो स्पर्धा ब्रुहासने जिंकली. प्रशिक्षक होता माउरिसिओ राइट, देशासाठी विश्वचषक खेळलेला बचावपटू. अंतिम लढतीत समोर होता बंदराच्या गावाचा पुंतारेनास, तोही छोटाच. साप्रिसा, अलाहुएलेन्से आणि एरेदियानो ही तिथली तीन बलाढ्य घराणी, आणि तिघांपैकी एकही अंतिम फेरीत नाही! त्याच वर्षी आधीची वेरानो स्पर्धाही ग्वानाकास्ते प्रांतातल्या लिबेरिया शहराच्या नवख्या संघाने नेली होती.

हे यश किती मोठं, ते कार्ताहिनेसकडे पाहिलं की कळतं. १९०६ साली स्थापन झालेला हा क्लब १९४० मध्ये विजेता झाला आणि त्यानंतर थेट २०२२ मध्ये. मधली ८२ वर्षं कार्तागो शहर वाट पाहत राहिलं. कित्येक आजोबा ती वाट बघतच गेले. ब्रुहासला तोच चषक पाच वर्षांत मिळाला.

मग बिनसलं कुठे? तर क्लबचा मालक मिनोर वार्गास काल्वो याच्या दुसऱ्या धंद्यात. कोस्टा रिकातून चालणारी ‘प्रॉव्हिडंट कॅपिटल इंडेम्निटी’ ही त्याची कंपनी.

तिचा धंदा नीट समजून घ्यायला हवा. अमेरिकेत वयस्कर किंवा आजारी माणूस आपली आयुर्विम्याची पॉलिसी दुसऱ्याला विकू शकतो. त्याला हयातीतच पैसे मिळतात. घेणारा पुढचे हप्ते भरतो आणि तो माणूस गेला की विम्याची रक्कम उचलतो. यात घेणाऱ्याला धास्ती एकच: तो माणूस अंदाजापेक्षा जास्त जगला तर हप्ते भरतच राहावे लागतात. वार्गासची कंपनी या धास्तीवर हमी विकायची. अमुक तारखेपर्यंत माणूस जिवंत राहिला तर पैसे आम्ही देऊ, आणि आमच्या पाठीशी मोठमोठ्या पुनर्विमा कंपन्या (विमा कंपन्यांचाच विमा उतरवणाऱ्या) आहेत, असं ती सांगायची. त्या कंपन्या पाठीशी नव्हत्याच. सुमारे ६७ कोटी डॉलरच्या पॉलिसींना अशी पोकळ हमी दिली गेली होती, आणि ती घेणाऱ्यांचे पैसे हजारो सामान्य गुंतवणूकदारांच्या बचतीतून आलेले होते. हे वाचताना मला फुटबॉलचा विसर पडला. कुणाच्या तरी म्हातारपणाची पुंजी त्यात गेली होती.

जानेवारी २०११ मध्ये वार्गासला अमेरिकेत अटक झाली. २०१२ मध्ये व्हर्जिनियातल्या न्यायालयात तो दोषी ठरला आणि ६० वर्षांची शिक्षा झाली. सान होसेच्या बार्रिओ मेहिको क्लबची सूत्रंही त्याच्याच हातात होती, म्हणजे एका अटकेने दोन संघ पोरके झाले. ब्रुहासची जागा २०११ मध्येच बेलेन या क्लबला गेली. चषक उचलून दोन वर्षंही झाली नव्हती.

काही जण सगळा दोष वार्गासवर टाकतात. मला तसं वाटत नाही. हजार-दोन हजार माणसं ‘हा आमचा संघ’ म्हणून रस्त्यावर उतरली असती तर क्लब दुसऱ्या श्रेणीत का होईना, टिकला असता. पण एस्कासूचं नाव लावून देसांपारादोसमध्ये खेळणाऱ्या संघासाठी कोणत्या गावाने रडायचं?

ती जागा पुढेही फिरत राहिली. २०१७ मध्ये ती बेलेनकडून ग्वादालूपे या क्लबला गेली. आणि निकोया? जिथून ही जागा पहिल्यांदा विकली गेली, त्या गावाने आपला ग्वानाकास्तेका पुन्हा उभा केला, खालच्या श्रेणीत झगडत राहिला आणि २०२१ मध्ये दुसरी श्रेणी जिंकून तो वर आला. त्या वेळी कुणाचीही जागा विकत घ्यावी लागली नाही. निकोयाच्या चोरोतेगा मैदानावर पहिल्या श्रेणीचे सामने पुन्हा सुरू झाले.