पाणमोट फुटली, पण कळा नाहीत. सकाळपर्यंत थांबलं तर चालेल का?

नववा भरत आलाय, सासूबाई थांबा म्हणतात, असं शिरपूरकडच्या ताईंनी विचारलंय. थांबू नका. १०८ ला फोन लावा. पाणी हिरवट असेल तर तेही सांगा.

कळा का नाहीत? पाणमोटेला दोन पडदे असतात. आतला ॲम्निऑन प्रोस्टाग्लँडिन (कळा आणणारं द्रव्य) बनवतो, बाहेरचा कोरिऑन ते बरंचसं मोडून टाकतो, म्हणून गर्भाशय शांत राहतं (प्रोजेस्टेरॉन या गर्भ टिकवणाऱ्या संप्रेरकाचा वाटा त्यात मोठा). दिवस भरले की कोरिऑनचं हे काम ढिलं पडतं, गर्भाशय ऑक्सिटोसिन या कळा वाढवणाऱ्या संप्रेरकालाही जास्त दाद देतं. पडदा आधी फाटला तरी दिवस भरलेल्या बहुतेकींना २४ तासांत कळा येतात. पण वाट दवाखान्यातच बघायची, कारण फाटक्या पडद्यातून जंतू वर चढतात. तोवर घरी कोणालाही आतून तपासू देऊ नका, दाईलाही नाही.