मिररिंग लावण्याआधी हे बघ

घरच्या नेटवर्कवरची वाहतूक तपासायची असेल तर महागडा हार्डवेअर टॅप (केबलच्या मध्ये बसून पॅकेट्सची प्रत काढणारं उपकरण) घ्यायच्या भानगडीत सध्या पडू नकोस. प्रॉक्समॉक्सवर (एका मशीनवर अनेक व्हीएम, म्हणजे आभासी संगणक, चालवणारी प्रणाली) एकाच ब्रिजवरच्या, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या स्विचवरच्या, दोन व्हीएम आपसात बोलतात तेव्हा ती पॅकेट्स नेटवर्क कार्डातून बाहेरच पडत नाहीत; बाहेरच्या स्विचवर पोर्ट मिररिंग (एका पोर्टवरच्या वाहतुकीची प्रत दुसऱ्या पोर्टवर पाठवणं) लावून बसलास तरी हाती काही लागणार नाही. त्यासाठी ओपन व्हीस्विच या सॉफ्टवेअर स्विचचा ब्रिज कर आणि त्याचा मिरर मॉनिटरिंग व्हीएमच्या दुसऱ्या कार्डावर सोड. त्या कार्डाला आयपी देऊ नकोस. खरी गोम पुढे आहे: ही व्हीएम बंद करून चालू केली की तिचा टॅप इंटरफेस (तिचं आभासी कार्ड ब्रिजला जोडणारा दुवा; वरचा हार्डवेअर टॅप नव्हे) नव्याने तयार होतो आणि मिरर गुपचूप सुटतो. आलेख सपाट दिसला की लोक बिचाऱ्या सुरिकाटाला (हल्ले ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरला) शिव्या घालतात! हुकस्क्रिप्टमधून (व्हीएम चालू-बंद होताना आपोआप चालणारी स्क्रिप्ट) मिरर पुन्हा जोडायची सोय आधीच करून ठेव.

घरातले फोन, टीव्ही बघायचे असतील तर मात्र मिररिंगवाला साधा मॅनेज्ड (सेटिंग्ज बदलता येणारा) स्विच हवा. १ जीबीपीएस पोर्टची दोन्ही दिशांची वाहतूक मिळून २ जीबीपीएसपर्यंत जाऊ शकते, मिरर पोर्टला तेवढी पेलत नाही. घरी सहसा चालून जातं.

सुरुवात एनटॉपएनजीने (वाहतुकीचे आलेख दाखवणारं सॉफ्टवेअर) कर, सुरिकाटा आणि झीक (वाहतुकीच्या तपशीलवार नोंदी ठेवणारं सॉफ्टवेअर) नंतर. सगळी पॅकेट्स डिस्कवर साठवत बसू नकोस; बहुतेक मजकूर एन्क्रिप्टेडच असतो.