‘आयएसबीएन मान्यताप्राप्त’ म्हणावं का?

म्हापशाच्या एका वाचक भगिनीनं विचारलं आहे : पुस्तक प्रकाशनाच्या एका निमंत्रणपत्रिकेत ‘आयएसबीएन मान्यताप्राप्त काव्यसंग्रह’ असे शब्द आहेत. हा प्रयोग बरोबर आहे का? आणि ही मान्यता नेमकं कोण देतं?

प्रयोग चुकीचा आहे. आयएसबीएन हा पुस्तकाच्या ओळखीसाठी दिला जाणारा क्रमांक आहे. तो मागता येतो, मिळतो, छापता येतो. त्याची मान्यता मिळत नाही, कारण तो देताना कविता कुणी वाचत नाही. आपल्या देशात हे काम दिल्लीची राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन संस्था करते, तेही विनाशुल्क. कविता बऱ्या की वाईट, हे ठरवणं तिच्या कामात बसतच नाही.

हा क्रमांक जन्मला तो गोदामाच्या गरजेतून. १९६५ च्या सुमारास डब्ल्यू. एच. स्मिथ या ब्रिटनमधल्या मोठ्या पुस्तकविक्रेत्यांनी आपलं गोदाम संगणकावर चालवायचं ठरवलं. ‘अमक्याची कादंबरी, दुसरी आवृत्ती, कापडी बांधणी’ असं सांगून त्या काळच्या संगणकाचं भागणार नव्हतं. त्याला आकडा हवा होता, आणि तो सगळ्या प्रकाशकांनी पाळायला हवा होता. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधले संख्याशास्त्रज्ञ गॉर्डन फॉस्टर यांनी १९६६ मध्ये तशी योजना मांडली आणि १९६७ पासून ब्रिटनमध्ये नऊ अंकी ‘स्टँडर्ड बुक नंबर’, म्हणजे एसबीएन, सुरू झाला. १९७० मध्ये आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेनं त्याला दहा अंकी आंतरराष्ट्रीय रूप दिलं, तेव्हा पुढचा ‘आय’ आला. गावातल्या वाचनालयात त्या काळातलं एखादं ब्रिटिश पुस्तक हाती आलं आणि त्यावर नुसतं ‘एसबीएन’ दिसलं, तर ती छपाईची चूक समजू नका. पुढं एक शून्य लावलं की तोच दहा अंकी आयएसबीएन होतो.

शून्य लावून भागतं कसं, हे पाहण्यासारखं आहे. दहा अंकांना डावीकडून १०, ९, ८ असं करत १ पर्यंत गुणायचं आणि बेरीज घ्यायची. तिला ११ नं पूर्ण भाग गेला तर क्रमांक बरोबर. ३४० ०१३८१ ८ हा एसबीएन घ्या. पुढं शून्य लावून गुणाकार केले की बेरीज ११० येते, म्हणजे अकरा दाहे. शून्याला दहानं गुणून शून्यच मिळतं, त्यामुळं शेवटचा अंक बदलावा लागत नाही. हा शेवटचा अंक फक्त पडताळ्यासाठी असतो. कधी तिथं १० यावे लागतात. एका जागेत ते मावत नाहीत म्हणून रोमन दहा, म्हणजे ‘एक्स’, लिहितात. अकरा ही मूळ संख्या निवडल्यामुळं एखादा अंक चुकला किंवा दोन अंकांची अदलाबदल झाली, तर चूक लगेच उघडी पडते. मागणी नोंदवणाऱ्या कारकुनाचा हात कुठं घसरतो याचा इतका बारीक विचार या रचनेत आहे, की मला ती फार देखणी वाटते. १ जानेवारी २००७ पासून तेरा अंक आले. त्यात एकाआड एक १ आणि ३ नं गुणून दहानं भागतात, आणि तिथं १ व ६ शेजारी असून उलटे लिहिले गेले तर चूक निसटते. या बाबतीत जुनी पद्धत अधिक कडक होती.

साध्या बांधणीचं पुस्तक, पुठ्ठा बांधणीचं आणि ई-बुक यांना वेगवेगळे क्रमांक लागतात. सुधारित आवृत्तीला पुन्हा नवा. काही न बदलता पुनर्मुद्रण केलं तर मात्र जुनाच चालतो. साहित्यकृतीला मान्यता द्यायची असती, तर एका कवितासंग्रहाला तीन-तीन क्रमांक कशाला? फादर स्टीफन्सांचं ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये आपल्या गोव्यातल्या रायतूरला छापलं गेलं, तेव्हा कसला क्रमांक? आजच्या आवृत्त्यांवर तो असतो, कारण त्या आज विकल्या जातात.

मग ‘मान्यता’ आली कुठून? माझ्या मते महाविद्यालयांतून. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, म्हणजे यूजीसीच्या, २०१० च्या नियमावलीत अध्यापकांच्या बढतीचे गुण मोजताना आयएसबीएन असलेल्या पुस्तकांचा विचार होऊ लागला, आणि क्रमांकाला दर्जाचा वास लागला. पंचायतीनं घरपट्टीसाठी घर नंबर दिला म्हणून बांधकाम कायदेशीर ठरत नाही, हे गोव्यात कुणाला वेगळं सांगायला नको, तसंच हे. कॉपीराइटशीही त्याचा संबंध नाही. तो हक्क लिहिल्याबरोबरच लेखकाचा होतो.

पुस्तकाची भाषाही या क्रमांकावरून कळत नाही. पणजीतल्या प्रकाशकाचं पुस्तक मराठी असो, कोंकणी असो की इंग्रजी, तेरा अंकी क्रमांकात सुरुवातीच्या ९७८ नंतर ८१ किंवा ९३ येतात, कारण ते भारताचे आकडे आहेत. पोर्तुगालचे ९७२ आणि ९८९. आणि ९७८ हा कुठल्याच देशाचा आकडा नव्हे. बारकोडवर भारतात नोंदलेल्या मालाला ८९० मिळतो, तसा पुस्तकांसाठी एक कल्पित देश धरून ९७८ राखून ठेवला.

काटेकोर पाहिलं तर ‘आयएसबीएन क्रमांक’ यात क्रमांक दोनदा येतो. पण तो आता मराठीत रुळला आहे, त्याला माझी हरकत नाही. ‘मान्यताप्राप्त’ला आहे, कारण त्यानं वाचकाची दिशाभूल होते. पत्रिकेत नुसतं ‘काव्यसंग्रह’ लिहावं. क्रमांकाची जागा पुस्तकाच्या श्रेयपानावर आणि मलपृष्ठावर आहे.