प्रार्थना सुचत नसेल तरी चालेल

प्रिय बाळा, सलाम.

आपली ओळख नाही. पाळकसाहेबांनी तुझा नंबर दिला, म्हणाले तुझ्या बायकोला पण जीबीएसच, म्हणजे गिलेन-बारे सिंड्रोम हा नसांचा आजार, निघालाय, ती व्हेंटिलेटरवर आहे आणि तू आयसीयूच्या बाहेर खुर्चीवरच झोपतोस. फोन करायला गेलो तर माझाच घसा भरून आला म्हणून लिहितोय. एका दमात वाचलं नाहीस तरी चालेल.

आमची ही जानेवारी 2025 मध्ये याच आजाराने पडली, पुण्यात सिंहगड रोड, नांदेड गाव, किरकटवाडी भागात साथ आली होती तेव्हा. आधी जुलाब, मग आठवड्याभराने तळपायाला मुंग्या, दुसऱ्या दिवशी जिना चढवेना, चौथ्या दिवशी श्वासच पुरेना. डॉक्टर म्हणाले जंतूशी लढता लढता शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर उलटते. मला तेव्हा त्यातलं काही कळलं नाही, मी नुसता मान हलवत होतो.

एक कामाचं आधी सांगतो. झोपेचं औषध चालू नसेल तर तिला सगळं ऐकू येतंय. हात हलत नाहीत, पापणी पण जड होते, पण मेंदू जागा असतो. मला हे तिसऱ्या दिवशी एका सिस्टरने सांगितलं, तोपर्यंत मी हिच्या उशाशी उभा राहून भावाशी बिलाचं बोलत होतो, हिने ते सगळं ऐकलं होतं, नंतर तिनेच सांगितलं. तू असं करू नकोस. आज कुठला वार आहे, बाहेर ऊन आहे की पाऊस, घरी कोण काय जेवलं, ते सांग तिला. पापणीची खूण ठरव, एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. आणि तिचं आवडतं स्तोत्र हळू आवाजात वाच, सूर लागत असेल तर गा.

आता प्रार्थनेचं. मला येत नव्हती रे. 30 वर्षं मंडळीत उभं राहून प्रार्थना करणारा मी, तिथं "प्रभू" म्हणायचो आणि पुढे शब्दच नाही. त्यात एकजण म्हणाले की भाऊ, तुमचा विश्वास कमी पडतोय. तुलाही कुणीतरी म्हणेल, मनावर घेऊ नकोस. बायबलमधला मार्काचा दुसरा अध्याय काढ. तो पक्षघाती आठव, चौघं त्याला खाटेसकट उचलून आणतात, दारात गर्दी म्हणून छप्पर उसकटून खाली सोडतात. येशू विश्वास पाहतो तो "त्यांचा", असं लिहिलंय. खाटेवरचा माणूस एक शब्द बोलल्याचं लिहिलेलं नाही. लहानपणापासून ऐकलेली गोष्ट, मला कळली ती आयसीयूच्या दारात, कारण हिची खाट आणि माझी पण खाट त्या दिवसांत मंडळीने उचलली होती. कोणी डबा आणला, कोणी रात्री थांबलं, बायकांनी साखळी प्रार्थना केली. तुझी खाट उचलू दे त्यांना, "नको, मी बघतो" म्हणू नकोस.

इम्युनोग्लोब्युलिनच्या, म्हणजे या आजारावर शिरेतून देतात त्या औषधाच्या, बाटल्या तुलाही आणायला लावल्या असतील. हिच्या 50 किलो वजनाला रोज 20 ग्रॅम, म्हणजे 5 ग्रॅमच्या 4 बाटल्या, असे 5 दिवस. किमतीने माझे पाय लटपटले होते. पण एका रात्री ड्युटीवरच्या डॉक्टरांनी सांगितलं की हे औषध कारखान्यात नुसतं बनत नाही, हजारो माणसांच्या रक्तातला प्लाझ्मा एकत्र करून त्यातून काढतात. मी त्या बाटलीकडे बघतच राहिलो. कुणाचं कुणाचं रक्त असेल, कुठल्या जातीधर्माचं, कुठल्या गावचं, ना त्यांना आम्ही माहीत ना आम्हाला ते, आणि ते थेंब थेंब हिच्यात उतरतंय. ज्याच्या रक्ताने तारण मिळालं असं आपण दर रविवारी म्हणतो, त्याचं त्या रात्री मला रडू आलं. आता मी रक्तदान करतो, 3 महिने झाले की जातो, कारण त्यांना थँक्यू म्हणायचा मला दुसरा रस्ता माहीत नाही.

आजाराबद्दल देवाचे आभार मान असं मी तुला म्हणणार नाही, मी पण मानले नाहीत. पौल "सर्व स्थितीत उपकारस्तुती करा" म्हणतो, स्थितीत म्हणतो. मी रोज एकच शोधायचो. एक दिवस हिचा अंगठा हलला, एक दिवस खोकला आला, एक दिवस काहीच नव्हतं तर सिस्टरने केस विंचरून दिले तेच.

व्हेंटिलेटर सुटायला 23 दिवस लागले. 20 एप्रिलला ईस्टरच्या उपासनेला ही व्हीलचेअरवर आली, जूनमध्ये वॉकर. नस नव्याने वाढायची असेल तर दिवसाला साधारण 1 मिलिमीटर वाढते म्हणतात, त्यामुळे घाई करू नकोस, फिजिओथेरपी मात्र एक दिवस चुकवू नकोस. सगळेच पूर्ण बरे होतात असं नाही, हिच्या तळपायाला अजून मुंग्या येतात. पण चहा स्वतः करते.

शनिवारी मी आणि ही येतोय. तिला आत सोडतील तेवढा वेळ ती तुझ्या बायकोपाशी बसेल, तेवढ्यात तू घरी जाऊन आंघोळ कर, वाटलं तर दोन तास झोप. डबा आम्ही आणतो, भाजी कुठली चालते ते तेवढं कळव.

तुझा काका