वेल्डिंगच्या कडेचे काळे ठिपके

प्रश्न : भोसरीत माझे फॅब्रिकेशनचे छोटे वर्कशॉप आहे. गॅल्व्हनायझिंग (लोखंडावर जस्ताचा थर चढवणे) होऊन आलेल्या ग्रिलवर सांध्यांच्या कडेला जस्त न चढलेले काळे ठिपके दिसतात. आम्ल कमी पडत असेल का? – एक वाचक, पुणे

उत्तर : दोष बहुधा आम्लाचा नसावा. हायड्रोक्लोरिक आम्ल गंज आणि मिलस्केल (लोखंड तापवून लाटताना त्यावर बसलेला ऑक्साइडचा काळसर थर) काढते. परंतु वेल्डिंगचा काचेसारखा स्लॅग (सांध्यावर गोठून बसलेली मळी), ऑइल पेंटच्या खुणा आणि ग्रीस त्याला दाद देत नाहीत, आणि त्यांच्याखालच्या लोखंडापर्यंत फ्लक्स (जस्त नीट चिकटावे म्हणून आधी लावायचे क्षारांचे द्रावण) न पोचल्यामुळे सुमारे ४५० अंश सेल्सिअसच्या वितळलेल्या जस्तातही तो भाग कोराच राहतो. आम्लात अधिक वेळ ठेवल्यास उलट पृष्ठभाग खरवडल्यासारखा होतो. म्हणून स्लॅग चिपिंग हॅमरने पाडून, सांधा उजळ दिसेपर्यंत वायर ब्रशने घासावा आणि खुणा तारेने बांधलेल्या पत्र्याच्या बिल्ल्यावर कराव्यात. तेलकटपणा कॉस्टिक सोड्याच्या गरम द्रावणात निघतो. धुतल्यावर पाणी सलग पसरण्याऐवजी थेंबाथेंबांनी जमले, तर तेल शिल्लक आहे असे समजावे.

ग्रिलमध्ये बंद पाइप असल्यास हवेसाठी छिद्रे अवश्य पाडावीत, कारण वितळलेल्या जस्तात बुडवताना आत अडकलेल्या पाण्याची वाफ होऊन पाइप फुटतो आणि टाकीजवळच्या कामगाराच्या जिवावर बेतते.