यंत्रावर विश्वास की भरवसा?

प्रश्न असा आहे : 'एआयवर विश्वास ठेवावा का' असे मथळे सारखे दिसतात. यंत्राच्या बाबतीत 'विश्वास' चालेल का? आणि जे एआय बोलतच नाही, त्याच्याबद्दल कोणता शब्द वापरावा?

मी 'भरवसा'च्या बाजूचा आहे. विश्वास मोडला की विश्वासघात होतो, आणि घात करायला हेतू लागतो. भरवशाला समोर माणूसच हवा असं नाही. पावसाचा भरवसा नसतो, लोकलच्या वेळेचा नसतो. भरवशाच्या म्हशीला टोणगा झाला तर आपली निराशा होते, पण म्हशीने दगा दिला असं कुणी म्हणत नाही.

घोळ होतो तो बोलणाऱ्या एआयमुळे. 'मला वाटतं', 'माफ करा' म्हणणाऱ्याला आपण नकळत माणसांत धरतो. हे आजचं नाही. 1966 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या जोसेफ वायझेनबाउम यांनी 'एलायझा' हा संवादाचा प्रोग्राम प्रसिद्ध केला. तो बहुतेकदा समोरच्याचंच वाक्य फिरवून प्रश्न विचारायचा, तरी लोक त्याच्यापाशी मन मोकळं करू लागले, आणि वायझेनबाउम अस्वस्थ झाले.

आता न बोलणारं एआय. गूगलच्या डीपमाइंड या कंपनीचं 'अल्फाफोल्ड' प्रथिनाचे घटक असलेल्या अमिनो आम्लांच्या क्रमावरून प्रथिनाची त्रिमितीय घडी वर्तवतं. 2024 च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचा अर्धा वाटा त्या कामाला मिळाला. त्याची आकृती उघडली की प्रत्येक भाग, तिथला अंदाज किती खात्रीचा आहे त्याच्या गुणांप्रमाणे, रंगवलेला दिसतो. गडद निळा म्हणजे शंभरपैकी 90 च्या वर गुण, नारिंगी म्हणजे 50 च्या खाली. एकाच प्रथिनात दोन्ही असू शकतात. अभ्यासक निळ्यावर बराचसा विसंबतो. नारिंगी भागाच्या आकारावरून मात्र निष्कर्ष काढत नाही, कारण पुष्कळदा पेशीतही तो भाग ठरावीक आकार धरत नाही. इतका मोजूनमापून, तुकड्यातुकड्याने ठेवलेला भरवसा मला फार मोलाचा वाटतो. विश्वास असा टक्क्यांनी ठेवता येत नाही.

या गुणांना 'खात्रीचे गुण' म्हणावं. इंग्रजी 'कॉन्फिडन्स'साठी 'आत्मविश्वास' नको; त्यात स्वतःची जाणीव गृहीत धरली जाते. 'विश्वासार्ह माहिती' हा प्रयोग मात्र रूढ आहे, तो खुशाल करा.

आणि 'विश्वास' राखून ठेवायचा तो यंत्र बनवणाऱ्या, विकणाऱ्या, त्याच्या आधारे औषध लिहून देणाऱ्या माणसांसाठी. त्यांना जाब विचारता येतो. 'कंपनीने विश्वासघात केला' हे वाक्य मराठीत बिनचूक आहे; 'एआयने विश्वासघात केला' असं लिहिलं की दोष कुणाचा, तेच झाकलं जातं.