ग्रंथालयातून निवृत्त झालेले लोक कोणती पुस्तकं सुचवतील? गाजलेली नकोत, ती सगळ्यांना माहीत असतात.

मी ग्रंथपाल नव्हतो, देवघेवीच्या टेबलावर होतो. हे आधीच सांगतो, कारण ग्रंथपालांना विचारलंत तर यादी वेगळी येईल. कोणतं पुस्तक विकत घ्यायचं ते त्यांना ठाऊक. पुस्तक परत करताना माणूस काय पुटपुटला, ते आम्हाला.

गाजलेली नकोत म्हणालात ते बरं झालं, त्यांना आमची गरज नसतेच. जाडजूड ऐतिहासिक कादंबऱ्या परत आल्या की टेबलावरूनच पुन्हा जायच्या, कपाटापर्यंत पोचायच्याच नाहीत. त्या सगळ्या वाचून व्हायच्या, असं मात्र समजू नका. पुस्तक बांधणीला काढलं की खरं दिसतं. पहिली साठ-सत्तर पानं मळलेली, कोपरे दुमडलेले, आणि पुढचं सगळं कोरं करकरीत! वाचकांनी कुठे हात टेकले ते लगेच कळतं.

सुचवावी लागतात ती वेगळी. एका पुस्तकात विषय चार असले तरी कपाटात त्याला जागा एकच मिळते. ड्यूईची दशांश पद्धत १८७६ पासून चालत आली आहे. तिच्यात एक क्रमांक ठरतो, तो पाठीवर चिकटवला की पुस्तकाचं घर कायमचं ठरलं. कादंबऱ्यांच्या रांगेतला वाचक इतिहासाकडे फिरकत नाही, इतिहासवाला आत्मचरित्रांकडे जात नाही. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली, त्यातलं तिसरं ‘प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक’ असं आहे. ते सूत्र कपाटाच्या हातून पाळलं जात नाही, कुणीतरी पुस्तक उचलून दुसऱ्या रांगेतल्या माणसाच्या हातात द्यावं लागतं. माझी यादी अशा चुकीच्या रांगेत अडकलेल्या पुस्तकांची आहे.

पहिलं विष्णुभट गोडसे यांचं ‘माझा प्रवास’. कुठे प्रवासवर्णनात सापडेल, कुठे इतिहासात. साहसकथा वाचणारे दोन्हीकडे जात नाहीत, आणि पुस्तक तर त्यांचंच आहे. घरावर कर्ज, उत्तरेत मोठा यज्ञ होणार अशी बातमी, दक्षिणा मिळेल या आशेनं निघालेला एक भिक्षुक. नेमका १८५७ च्या धामधुमीत सापडतो. झाशीला वेढा पडतो तेव्हा हा आत असतो. लुटला जातो, पुन्हा कमावतो, पुन्हा लुटला जातो, आणि शेवटी गंगेची कावड घेऊन घरी येतो. हे सगळं सांगणारा माणूस शूर नाही आणि तसा आवही आणत नाही, म्हणूनच त्याच्यावर विश्वास बसतो. सुरुवातीची भाषा जुनी वाटेल. मी वाचकांना सांगायचो, झाशीपर्यंत धीर धरा. पुस्तक प्रथम १९०७ मध्ये चिंतामण विनायक वैद्य यांनी छापलं, तेव्हा त्यांनी मजकुरात बराच फेरफार केला. नंतर मूळ हस्तलिखितावरून केलेली आवृत्तीही आली. मिळाली तर तीच घ्या.

दुसरं लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’. याचं नाव सगळ्यांनी ऐकलेलं असतं, आणि बहुतेकांचा समज असा की हे धर्मांतराबद्दलचं गंभीर पुस्तक आहे. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि या बाईंचा संसार मुळापासून हादरला, हे खरंच. पण विनोदी पुस्तक मागायला आलेल्या माणसाला मी हेच द्यायचो. वडिलांचं सोवळ्याचं वेड, नवऱ्याचा क्षणात घर सोडून जाणारा स्वभाव, स्वतःची फजिती... रडण्यासारखे प्रसंग ही बाई हसत हसत सांगते आणि तरी दुःख पातळ होत नाही. शाळेची पायरी न चढलेल्या या बाईंचं वाक्य इतकं सरळ आहे की मोठ्यानं वाचून दाखवायला यासारखं पुस्तक नाही. घरात डोळ्यांनी अधू झालेलं कुणी असेल तर रोज दहा पानं वाचून दाखवा. पहिला भाग १९३४ चा. संक्षिप्त आवृत्तीही आहे, पण त्या वाटेला जाऊ नका.

पौराणिक कादंबऱ्यांचे भक्त असाल तर इरावती कर्वे यांचं ‘युगान्त’ (१९६७). ते तुमच्या रांगेत नसतं. कधी समीक्षेत, कधी धर्माच्या कपाटात. लेखिका मानववंशशास्त्रज्ञ, त्यामुळे महाभारतातल्या कुणाचीच गय नाही. आवडत्या पात्राबद्दल वाचून काही वाचक पुस्तक रागानं आपटून द्यायचे. राग आला म्हणजे शेवटपर्यंत वाचलं होतं, एवढं नक्की.

‘बनगरवाडी’ची अडचण वेगळी. ती कादंबऱ्यांच्याच रांगेत असते, पण इतकी बारीक की पाठीवर नाव वाचता येत नाही आणि दोन ठोकळ्यांच्या मध्ये ती दिसतच नाही. वाचनाची सवय सुटलेल्यांनी इथून सुरुवात करावी. व्यंकटेश माडगूळकरांनी धनगरांच्या वस्तीत आलेल्या एका तरुण मास्तराची गोष्ट सांगितली आहे, एकही शब्द वाया न घालवता.

वीणा गवाणकर यांचं ‘एक होता कार्व्हर’ मुलांना बक्षीस द्यायचं पुस्तक म्हणून ओळखलं जातं, त्यामुळे मोठी माणसं त्याला हात लावत नाहीत. लावा. लेखिका ग्रंथपाल होत्या, तेव्हा आमच्या बिरादरीचा थोडा अभिमानही यात आला.

दुर्गा भागवतांचं ‘ऋतुचक्र’ मात्र ग्रंथालयातून नेऊन एका दमात वाचू नका. महिन्यागणिक एक लेख आहे. चालू महिन्याचा लेख वाचायचा, मुदत संपली की परत करायचं आणि पुढच्या महिन्यात पुन्हा न्यायचं. एक सभासद वर्षभर असंच करायचे. आमच्या नव्या मुलाला वाटलं, यांना वाचलेलं आठवत नाही.

आता तुमच्या जवळच्या ग्रंथालयात गेलात तर ‘काहीतरी चांगलं द्या’ म्हणू नका. त्यावर समोरचा माणूस हाताशी असेल ते देतो. अलीकडे अर्धवट सोडलेलं पुस्तक कोणतं आणि का सोडलं, ते सांगा. आवडलेल्या पुस्तकाबद्दल लोक भिडेनंही बोलतात, सोडलेल्याबद्दल खरं बोलतात. पुस्तकाच्या आत तारखांची चिठ्ठी असेल तर तीही बघा. शेवटचा शिक्का फार जुना दिसला तर पुस्तक बिनकामाचं समजून ठेवून देऊ नका. वर्षानुवर्षं कुणी न नेलेली पुस्तकं बाद करायची यादी निघते, तेव्हा तो शिक्काच बघतात. तुम्ही एकदा घरी नेलंत तरी ते त्या खेपेपुरतं वाचतं.